कॅमेरा खोक्यात सक्तीने द्यावा का? किनेक्टचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओळखीतल्या एकाकडे जुनं एक्सबॉक्स वन, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन विकायला आहे, सोबत अंगाची हालचाल ओळखणारा किनेक्ट कॅमेरा आहे, आणि दहा वर्षांच्या मुलीला नाचाच्या गेमसाठी ते घ्यावं असं तुमच्या मनात आहे. जाता जाता तुम्ही असंही म्हटलंय की मायक्रोसॉफ्टने हा कॅमेरा आधी प्रत्येक मशीनसोबत सक्तीने दिला आणि मग माघार घेतली, ते चुकलं. सक्ती टिकली असती तर आज अंग हलवून खेळायचे गेम ढिगाने असते आणि पोरं सोफ्यात रुतून बसली नसती.

तुमचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. त्या निम्म्यापायी २०१३ साली मी स्वतः सक्तीच्या बाजूने मित्रांशी भांडलोय. मी पुण्यात प्रोग्रॅमिंग करतो. सुरुवात छोट्या गेमपासून झाली, पण २०११ नंतर बहुतेक काम समोरची वस्तू किती अंतरावर आहे ते मोजणाऱ्या कॅमेऱ्यांवर झालं. फिजिओथेरपीचे व्यायाम मोजायचं एक सॉफ्टवेअर आम्ही चौघांनी दोन वर्षं खपून केलं होतं, तेही याच कॅमेऱ्यावर. तेव्हा मला या वस्तूबद्दल माया आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिल्या किनेक्टपासून सुरुवात करू. ४ नोव्हेंबर २०१० ला अमेरिकेत तो एक्सबॉक्स ३६० साठी, म्हणजे वनच्या आधीच्या मशीनसाठी, वेगळा विकायला आला, किंमत १५० डॉलर. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख विकले गेले आणि गिनीज बुकात विक्रमाची नोंद झाली. फेब्रुवारी २०१३ पर्यंत हा आकडा २ कोटी ४० लाखांवर गेला. आता दुसरा आकडा बघा: तोवर एक्सबॉक्स ३६० विकले गेले होते ७ कोटी ६० लाख. म्हणजे तीन घरांमागे एका घरात कॅमेरा.

गेम करणाऱ्याच्या खुर्चीत बसून हे गणित मांडा. मोठा गेम म्हणजे शेकडो माणसांची दोन-तीन वर्षं. तो पूर्ण कॅमेऱ्यावर बेतला तर तीनपैकी दोन गिऱ्हाइकं दारातूनच परत जाणार. मग काय करायचं? गेम नेहमीच्या कंट्रोलरवरच बांधायचा आणि वरून कोथिंबीर भुरभुरावी तसं किनेक्ट टाकायचं. ‘ग्रेनेड’ ओरडा, बॉम्ब फेकला जाईल. बटण दाबूनही फेकला जातोच, उलट लवकर. असल्या कोथिंबिरीसाठी कॅमेरा कोण घेणार? आणि कोणी घेत नाही म्हणून कोणी जास्त करत नाही.

हे चक्र तोडायचा रस्ता एकच दिसतो: प्रत्येक खोक्यात कॅमेरा घाला. तसं यशस्वी झाल्याचं उदाहरणही आहे. सोनीचा ड्युअलशॉक, म्हणजे दोन अंगठ्यांसाठी दोन काड्या असलेला कंट्रोलर, पहिल्या प्लेस्टेशनला मागाहून जोडला गेला. २००० साली प्लेस्टेशन २ आलं तेव्हा तो सगळ्यांच्या खोक्यात होता. त्यानंतर दोन काड्या नसलेल्या गेमपॅडची कल्पनाच कोणी केली नाही. ‘सक्ती म्हणजे वाईटच’ असं म्हणणाऱ्यांना मी आजही ही काडी दाखवतो.

मग एक्सबॉक्स वनचं बिनसलं कुठे? लोक ‘सक्ती’ हा एकच शब्द वापरतात, पण तिथे तीन वेगळ्या सक्त्या होत्या. एक, विकत घ्यायची: मशीन घ्यायचं तर कॅमेऱ्यासकटच. दुसरी, जोडून ठेवायची: मे २०१३ मध्ये मशीनची घोषणा झाली तेव्हा किनेक्टची वायर लावल्याशिवाय ते चालणारच नव्हतं. तिसरी कोणाच्या डोळ्याला दिसत नव्हती, आणि धंद्यातल्या लोकांना तीच सगळ्यात जास्त बोचली.

ती तिसरी अशी. मशीनमधल्या ग्राफिक्स चिपची सुमारे १० टक्के ताकद किनेक्ट आणि यंत्रणेच्या इतर कामांसाठी राखून ठेवलेली होती. तुमच्या गेमला कॅमेऱ्याशी काही देणंघेणं नसलं तरी तो दहावा हिस्सा तुम्हाला मिळायचा नाही. एक्सबॉक्स वनची चिप आधीच सोनीच्या प्लेस्टेशन ४ पेक्षा हलकी होती, १.३१ टेराफ्लॉप्स विरुद्ध १.८४ (टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं). त्यातून हा दशांश वजा. परिणाम पहिल्याच हिवाळ्यात दिसला: कॉल ऑफ ड्युटी घोस्ट्स प्लेस्टेशन ४ वर १०८०पी आणि एक्सबॉक्स वनवर ७२०पी. कॅमेऱ्यासाठी १०० डॉलर जास्त मोजायचे आणि चित्र मात्र कमी बारकाव्याचं बघायचं, हे गिऱ्हाइकाला कोणत्या तोंडाने समजावणार? किनेक्ट न वापरणाऱ्या गेमना ती ताकद वापरायची मुभा जून २०१४ मध्ये मिळाली. योगायोग नव्हे, त्याच महिन्यात किनेक्टशिवायचं एक्सबॉक्स वन ३९९ डॉलरला विकायला आलं.

किमतीचं दुखणंही तेवढंच. १० जून २०१३ ला एकाच दिवशी दोन्ही कंपन्यांनी आकडे सांगितले: एक्सबॉक्स वन ४९९ डॉलर, प्लेस्टेशन ४ ३९९. सोनीकडेही कॅमेरा होता, पण वेगळा, ज्याला हवा त्याने ६० डॉलर टाकून घ्यावा. आणि त्या दिवसाच्या जेमतेम चार दिवस आधी, ६ जूनला, लोकांच्या ऑनलाइन माहितीवर नजर ठेवणाऱ्या, अमेरिकी गुप्तहेरांच्या ‘प्रिझम’ कार्यक्रमाची बातमी फुटली होती आणि फुटलेल्या कागदांत मायक्रोसॉफ्टचं नाव होतं. अशा आठवड्यात ‘आमचा कॅमेरा आणि माइक तुमच्या हॉलमध्ये कायम जोडलेला राहील’ असं लोकांना सांगायचं! कंपनी म्हणत होती की सेटिंगमधून तो बंद करता येतो, तुमचं बोलणं रेकॉर्ड करून आम्ही कुठे पाठवत नाही. असेलही. पण सॉफ्टवेअरने बंद केलेला कॅमेरा आणि वायर काढून कपाटात टाकलेला कॅमेरा यांत घरच्या माणसाला फरक वाटतो, आणि तो वाटणं बरोबरच आहे. ऑगस्टमध्ये कंपनीने जोडून ठेवायची सक्ती सोडली. माझ्या मते दोन रुपयांचं सरकतं झाकण भिंगापुढे दिलं असतं तर निम्मा गोंगाट झाला नसता. निन्टेंडो या जपानी गेम कंपनीने २०२५ मध्ये आपल्या स्विच २ मशीनसाठी कॅमेरा आणला, त्याला असं झाकण आहे. शिवाय तो कॅमेरा वेगळा विकला जातो, मशीनच्या खोक्यात नाही. धडा कोणीतरी गिरवला म्हणायचा.

माइकचा एक किस्सा राहवत नाही म्हणून सांगतो. ‘एक्सबॉक्स, ऑन’ म्हटलं की मशीन जागं व्हायचं. २०१४ च्या उन्हाळ्यात एक्सबॉक्सच्याच टीव्ही जाहिरातीत नटाने हे शब्द उच्चारले आणि जाहिरात बघणाऱ्यांच्या घरातली मशीनं आपोआप सुरू झाली. कान उघडे ठेवायचा वीजखर्चही होताच: त्या अर्धवट झोपेत पहिलं एक्सबॉक्स वन १५ वॉटच्या आसपास वीज घ्यायचं. वर्षभर तसंच ठेवलं तर साधारण १३० युनिट होतात, तुमच्या बिलाच्या दराने गुणून बघा.

आता मुद्द्यावर येतो, कारण एवढं सगळं होऊनही सक्ती टिकू शकली असती. निन्टेंडो वी आठवतं का? २००६ च्या नोव्हेंबरमध्ये आलं, १० कोटींच्या वर खपलं. त्याचा हालचाल ओळखणारा रिमोट प्रत्येक खोक्यात होता. सक्तीच ती, पण कोणी तिला सक्ती म्हटलं नाही. गंमत अशी की तिथेही कॅमेरा होता, फक्त उलट्या बाजूला. टीव्हीवर ठेवायच्या ज्या पट्टीला ‘सेन्सर बार’ म्हणतात तिच्यात सेन्सर नाहीच, नुसते दोन टोकांना इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे दिवे आहेत. कॅमेरा रिमोटच्या नाकात असतो आणि तो त्या दिव्यांकडे बघून आपण कुठे रोखलाय ते ओळखतो. पट्टीऐवजी दोन मेणबत्त्या ठेवल्या तरी चालतं. आम्ही एका दिवाळीत टीव्हीखाली दोन पणत्या लावून बोलिंग खेळलो होतो. आईने तेल सांडेल म्हणून अर्ध्यात बंद करायला लावलं, ते सोडा.

पण वी चाललं ते त्या कॅमेऱ्यामुळे नाही. जपान आणि कोरिया वगळता वीच्या खोक्यात वी स्पोर्ट्स हा गेमही होता. मनगट फिरवलं की टेनिसची रॅकेट फिरते, हे आजोबांना समजावून सांगायला लागत नाही. खोका उघडल्यावर दहाव्या मिनिटाला घरातल्या प्रत्येकाला कळायचं की हा रिमोट कशासाठी आहे. पहिल्या किनेक्टनेही हे पाळलं होतं, सोबत किनेक्ट अॅडव्हेंचर्सची डिस्क यायची. आणि एक्सबॉक्स वन? २२ नोव्हेंबर २०१३ ला मशीन दुकानात आलं, खोक्यात किनेक्टचा गेम नाही. ज्याच्यावर भिस्त होती तो किनेक्ट स्पोर्ट्स रायव्हल्स पुढच्या एप्रिलमध्ये उगवला, आणि मे महिन्यात कॅमेऱ्याशिवायच्या मशीनची घोषणा झाली. वरात मे महिन्यात परत निघाली आणि नवरदेव एप्रिलमध्ये घोड्यावर चढला, असा प्रकार.

म्हणून माझं उत्तर असं: ज्या दिवशी खोक्यात कॅमेऱ्याशिवाय खेळताच येणार नाही असा आणि घरातल्या सगळ्यांना हवासा वाटेल असा एक गेम ठेवता येईल, त्या दिवशी सक्ती जरूर करावी. तसा गेम नसेल तर कॅमेरा शेल्फवर राहू द्यावा. ‘आधी सक्ती करू, गेम येतीलच मागून’ हे माझं २०१३ चं म्हणणं होतं. ते चुकीचं निघालं.

ते का चुकलं हे मला बाजाराने नव्हे, कोथरूडच्या एका हॉलने शिकवलं. आमचं व्यायाम मोजायचं सॉफ्टवेअर ऑफिसात झकास चालायचं. पांढरी भिंत, मोकळी जागा, ट्रॅक पँट घातलेले आम्ही चौघे. मग एका मित्राच्या आजींसाठी त्यांच्या घरी लावलं. हॉल दहा बाय बारा. पहिल्या किनेक्टला एका माणसासाठी सहा फूट आणि दोघांसाठी आठ फूट अंतर लागायचं. नव्याला साडेचारच्या आसपास पुरतं. बारा फुटांतून टीव्हीचं शोकेस वजा करा, समोरचा सोफा वजा करा, मधला टीपॉय उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवा, मग आजींना उभं राहायला एक फरशी उरली. बाल्कनीतून दुपारचं ऊन थेट आत. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं आणि कॅमेराही इन्फ्रारेडवरच अंतर मोजतो, त्यामुळे पडदा ओढावा लागला. पडदा ओढला म्हणून पंखा लावला, तर पंख्याच्या वाऱ्याने पडदा हलायला लागला आणि कॅमेऱ्याला मध्येच तिथे कोणी माणूस उभा असल्याचा भास व्हायचा.

एवढं करून आजी पुढे आल्या, सहावारी साडीत. पडद्यावर हाडांचा सांगाडा दिसतो, त्यात हात छान जुळले. पाय मात्र वेड्यासारखे थरथरत होते. कारण समजून घेण्यासारखं आहे. पहिला किनेक्ट अंतराच्या चित्रातला प्रत्येक ठिपका शरीराच्या ३१ भागांपैकी कोणता असावा याचा अंदाज करतो, त्यावरून २० सांधे ठरवतो. साडीत दोन पाय दिसतच नाहीत, एक खांब दिसतो. गुडघा कुठे आहे हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? आणि आम्ही मोजत होतो गुडघ्याचेच व्यायाम! दोष यंत्राचा नव्हता. साडी नेसणाऱ्या बाईसाठी आम्ही एकदाही चाचणी घेतली नव्हती, चूक आमची होती. शेवटी आजी म्हणाल्या, “अरे, तू समोर बसून मोज की, मी तुला दहा म्हणून दाखवते.”

त्या दिवशी डोक्यात शिरलं की कॅमेरा विकताना आपण नुसती वस्तू विकत नाही, गिऱ्हाइकाकडे एक रिकामी खोलीही मागतो. अमेरिकेतल्या मोठ्या दिवाणखान्यात ती असेल, पण लंडन, टोकियो किंवा डोंबिवलीत ती कुठून आणायची? कंट्रोलर सगळ्यांच्या हातात मावतो. कॅमेरा सगळ्यांच्या हॉलमध्ये मावत नाही, आणि जो मावत नाही तो सक्तीने देऊन घरोघरी माळ्यावर जातो.

दुसरी अडचण वेळेची. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेतो. चित्र घ्यायचं, त्यात माणूस शोधायचा, सांधे लावायचे, मग गेमला कळवायचं. तोवर बटण दाबणारा दोनदा गोळी झाडून मोकळा झालेला असतो. शिवाय हवेत धरलेलं स्टीअरिंग हाताला काही परत सांगत नाही. वळण चुकलं हे हाताला कळतच नाही, डोळ्यांनाच बघावं लागतं. मारामारीचे, गाड्यांचे, नेमबाजीचे गेम म्हणून किनेक्टवर कायम लंगडेच राहिले. आणि नाचाचे गेम मात्र फक्कड जमले. कारण साधं आहे: नाचात पुढची स्टेप पडद्यावर आधीच दिसते, तुम्ही ती तालावर करता, आणि गेम मागाहून जुळवून बघतो की बरोबर झाली का. उशीर झाला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. डान्स सेंट्रल करणाऱ्या हार्मोनिक्सच्या लोकांना हे पक्कं कळलं होतं. तुमच्या मुलीच्या बाबतीत म्हणून मी नाही म्हणत नाहीये.

उलट बाजूचंही एक उदाहरण द्यायला हवं, नाहीतर मी सोनीचा वकील वाटेन. २०१६ मध्ये प्लेस्टेशन व्हीआर आलं. डोक्याला लावायचा तो संच कॅमेऱ्याशिवाय चालत नाही, पण ३९९ डॉलरच्या मूळ खोक्यात कॅमेरा नव्हता! तो वेगळा घ्या. हे मला किनेक्टच्या सक्तीपेक्षाही लबाड वाटलं होतं. जिथे वस्तू खरोखर लागतेच तिथे ती खोक्यात घालून खरी किंमत सांगा. कॅमेऱ्यासकट संचही त्यांनी विकले, पण वेगळे.

भारतात हा वाद आलाच नाही म्हणा. एक्सबॉक्स वन इथे २३ सप्टेंबर २०१४ ला आलं, तोवर सगळा तमाशा उरकला होता. ३९,९९० ला नुसतं आणि ४५,९९० ला किनेक्टसकट, जे हवं ते घ्या. कॅमेऱ्याचा भाव सहा हजार, तो समोर लिहिलेला. मला हीच रीत योग्य वाटते.

पुढचं भराभर सांगतो. २०१६ च्या एक्सबॉक्स वन एसवर किनेक्टची खाचच नव्हती, वेगळा अॅडॉप्टर लागायचा. ऑक्टोबर २०१७ मध्ये किनेक्टचं उत्पादन थांबल्याचं जाहीर झालं, तोवर दोन्ही पिढ्या मिळून साडेतीन कोटींच्या आसपास विकले गेले होते. २०१८ च्या सुरुवातीला अॅडॉप्टरही बंद. पण तंत्र मेलं नाही. पहिल्या किनेक्टचं खोलीभर अदृश्य ठिपके फेकून अंतर मोजायचं तंत्र प्राइमसेन्स नावाच्या इस्रायली कंपनीचं होतं. ॲपलने ती २०१३ मध्ये विकत घेतली आणि २०१७ च्या आयफोनमध्ये चेहरा ओळखायला तशाच अदृश्य ठिपक्यांचा प्रोजेक्टर आला. हॉलमध्ये नको असलेला कॅमेरा लोक आता खिशात घेऊन फिरतात आणि दिवसात पन्नास वेळा त्याच्याकडे तोंड करतात. त्याला काम मिळालं ना, कुलूप उघडायचं.

आता तुमचा सौदा. मशीनच्या मागे बघा. २०१३ चं मूळ, मोठं काळं एक्सबॉक्स वन असेल तर किनेक्टची वायर थेट लागते. नंतरचं वन एस किंवा वन एक्स असेल तर अॅडॉप्टर सोबत आहे का ते आधी विचारा, नसेल तर सोडून द्या, वेगळा शोधत बसण्यात अर्थ नाही. एक्सबॉक्स ३६० चा किनेक्ट वनला चालत नाही आणि ३६० चे किनेक्ट गेमही वनवर चालत नाहीत, तेव्हा ‘डिस्क फुकट देतो’ म्हणाला तर डिस्कवर काय लिहिलंय ते वाचा. त्यापुढच्या पिढीच्या एक्सबॉक्स सिरीज एक्स किंवा एसवर हा कॅमेरा कोणत्याही मार्गाने चालत नाही, म्हणजे पुढे मशीन बदलताना कॅमेरा इथेच संपला असं धरा. घ्यायच्या आधी त्याच्याच घरी दहा मिनिटं चालवून बघा. कॅमेरा मधूनच गायब होत असेल तर वायर हलवून बघा, दोष बहुतेक वेळा तिथे असतो.

जस्ट डान्स या नाचाच्या गेमच्या २०१४ ते २०१८ च्या डिस्क मिळाल्या तर मुलीचं दोन पावसाळे भागेल. खेळून झालं की वायर काढून ठेवा. आणि हॉल मोजा: टीव्हीपासून सोफ्यापर्यंत सात फूट मोकळे नसतील तर मला कळवा, मी आमचा जुना वी देईन, माळ्यावर तसाच पडलाय. पट्टी हरवलीय त्याची, पण पणत्या आहेत.